घरच्या प्रिंटरची शाई वाचवायची, तर सेटिंग मुळातच बदला

घरात प्रिंटर आला की प्रिंट सगळेच काढतात आणि सेटिंग कोणीच बघत नाही. मुलीची वर्कशीट, आजोबांना हातात धरून वाचायला लागणारं लाइटचं बिल, सोसायटीच्या सभेची नोटीस, गावच्या जमिनीचा सातबारा. दर वेळी ‘कंट्रोल-पी’ दाबायचं आणि समोरच्या खिडकीत काय लिहिलंय ते न वाचता ‘प्रिंट’वर क्लिक करायचं. त्या खिडकीत आधीपासून निवडलेलं असतं ते प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं असतं: बहुतेक वेळा रंगीत आणि ‘स्टँडर्ड’ क्वालिटी. म्हणून नोटिशीवरचा निळा लोगो निळाच येतो आणि बिलाच्या तळाशी असलेली जाहिरातही झकास रंगीत छापून निघते.

“जपून काढा रे प्रिंट,” असं घरच्यांना सांगून काही होत नाही. उपाय उलट्या बाजूने करायचा. न बघता क्लिक केलं तरी कमीत कमी शाई जाईल, अशी सेटिंग कायमची करून ठेवायची; ज्याला देखणी प्रिंट हवी त्याने मुद्दाम दोन क्लिक जास्त करावेत. अडचण एवढीच की ही सेटिंग एका जागी नसते. थोडी विंडोजमध्ये, थोडी क्रोममध्ये, थोडी वर्डमध्ये आणि मोबाइलमध्ये तर सगळीच वेगळी. एक जागा बदलून बाकीच्या सोडल्या की महिन्याभरात प्रश्न येतो, “ड्राफ्ट केलं होतं ना, मग शाई संपली कशी?” (ड्राफ्ट म्हणजे कमी शाईची, कच्ची छपाई.)

आधी प्रिंटर कोणत्या प्रकारचा ते बघा

कार्ट्रिजवाला प्रिंटर असेल, म्हणजे एचपीचा 803 किंवा 805 कार्ट्रिज लागणारा डेस्कजेट, नाहीतर कॅननचा 745-746 कार्ट्रिज लागणारा, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. या कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम काही मिलीलिटर असते आणि प्रिंटरच्या किमतीच्या मानाने कार्ट्रिज महाग असते. इथे सेटिंग बदलल्याचा फरक खिशाला लगेच जाणवतो.

इंक टँकवाला असेल, एप्सनची एल मालिका किंवा कॅननची जी मालिका, तर छपाईत जाणारी शाई ही तुमची मोठी चिंता नाही. बाटली स्वस्त पडते. तुमची शाई वाया जाते ती हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, सुकल्यावर, त्याचं क्लीनिंग मारत बसण्यात. ड्राफ्ट सेटिंग करा, पण पुढचा क्लीनिंगचा भाग आधी वाचलात तरी चालेल. लेझर प्रिंटरला शाई नसते, टोनर नावाची पूड असते. त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘टोनर सेव्ह’ किंवा ‘इकोनोमोड’ शोधा, ते चालू करा. तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

कार्ट्रिजच्या खोक्यावर छापलेल्या पानांच्या आकड्यावर मात्र घरचा हिशोब मांडू नका. इंकजेटची पानं मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ/आयईसी 24711. त्यात ठरलेली नमुना पानं, प्रिंटरच्या मूळ सेटिंगवर, सलग छापून मोजतात. घरी आपण आज दोन पानं काढतो आणि पुढची दोन दहा दिवसांनी. मधल्या काळात प्रिंटर स्वतःचं हेड साफ करण्यात शाई घालवतो, ती या आकड्यात तुमच्या घराप्रमाणे धरलेली नसते. त्यामुळे पानं कमी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

विंडोजमधली मुळातली सेटिंग

प्रिंट काढताना त्या खिडकीत जे बदलतो ते बहुतेक वेळा तेवढ्यापुरतंच टिकतं. प्रोग्राम बंद केला की पुन्हा जैसे थे. कायमचा बदल प्रिंटरच्या स्वतःच्या पानावर करावा लागतो. विंडोज 11 मध्ये असं जा:

1. ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये जा आणि तिथे ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ निवडा. विंडोज 10 मध्ये मधली पायरी नुसती ‘डिव्हायसेस’ असते.
2. याच पानावर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे बटण सापडेल. ते बंद करा. चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोज आपणहून डिफॉल्ट (न निवडताच वापरला जाणारा) करत राहतं, आणि आपण दोन प्रिंटर ठेवायची जी युक्ती पुढे बघणार आहोत तिची वाट लागते.
3. यादीतल्या आपल्या प्रिंटरवर क्लिक करा आणि ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ उघडा. इथे केलेला बदल तुमच्या लॉगिनपुरता असतो.
4. घरात मुलांचं लॉगिन वेगळं असेल तर परत मागे या, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर जा आणि खालचं ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ बटण दाबा. तशीच दिसणारी खिडकी उघडेल, पण ही सगळ्यांसाठी असते. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिन लागतं.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. तीही करा. आणि ज्याने आपल्या लॉगिनमध्ये आधीच काही बदलून ठेवलं असेल, त्याच्याकडे तिसरी पायरीही वेगळी करावी लागेल.

‘प्रेफरन्सेस’मध्ये आडवं-उभं पान आणि कागदाचा आकार यापलीकडे फारसं काही दिसत नसेल, तर विंडोजने प्रिंटर ओळखून आपला साधा ड्रायव्हर बसवलेला असतो. वायफायवर जोडलेल्या प्रिंटरचं हे हमखास होतं. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून पूर्ण ड्रायव्हर उतरवून घ्या. मॉडेल नंबर प्रिंटरच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला छापलेला असतो. खोकं शोधत माळ्यावर चढायची गरज नाही.

आता खिडकीत काय बदलायचं? प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं.

कॅननमध्ये ‘मेन’ टॅबवर प्रिंट क्वालिटी ‘ड्राफ्ट’ करा आणि ‘ग्रेस्केल प्रिंटिंग’वर (रंगांऐवजी काळ्या-राखाडी छटा) टिक करा. मग ‘क्विक सेटअप’ टॅबवर ‘ऑलवेज प्रिंट विथ करंट सेटिंग्ज’ असा चौकोन असतो, त्यावर टिक करायला विसरू नका. तो राहिला तर बदल टिकत नाही, आणि कॅननवाल्यांची “सेटिंग आपोआप परत जाते” ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

एप्सनमध्ये ‘मेन’ टॅबवरच सगळं आहे: क्वालिटीत ‘ड्राफ्ट’, कलरमध्ये ‘ग्रेस्केल’ किंवा ‘ब्लॅक/ग्रेस्केल’. खाली ‘प्रिंट प्रीव्ह्यू’चा चौकोन असतो, त्यावरही टिक करा. मग कुठल्याही प्रोग्राममधून प्रिंट दिली तरी कागदावर जाण्याआधी पानं पडद्यावर येतात. शेवटचं पान फक्त पानक्रमांक असलेलं निघालं तर तिथल्या तिथे काढून टाकता येतं. कॅननमध्येही ‘प्रीव्ह्यू बिफोर प्रिंटिंग’ या नावाने ही सोय आहे. घरच्यांना ती सुरुवातीला जाचक वाटते, वाटू द्या.

एचपीमध्ये ‘पेपर/क्वालिटी’ टॅबवर ‘ड्राफ्ट’ आणि काळा-पांढरा पर्याय निवडा, नंतर ‘ॲडव्हान्स्ड’ बटण दाबून ‘प्रिंट इन ग्रेस्केल’ शोधा. तिथे दोन पर्याय असतात, ‘हाय क्वालिटी ग्रेस्केल’ आणि ‘ब्लॅक इंक ओन्ली’. आपल्याला दुसरा हवा. ब्रदरमध्ये ‘बेसिक’ टॅबवर क्वालिटी ‘फास्ट’ करा. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ग्रेस्केल आणि ‘इंक सेव्ह मोड’ मिळतो. इंक सेव्ह मोड रंग फिके करतो आणि कडा ठसठशीत ठेवतो, त्यामुळे मुलांच्या नकाशांना आणि आकृत्यांना तो बरा पडतो.

एचपीच्या त्या दोन पर्यायांवर जरा थांबू या, कारण गोम तिथे आहे. ग्रेस्केल म्हणजे फक्त काळी शाई, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं. राखाडी छटा मऊ दिसाव्यात म्हणून बरेच प्रिंटर निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून राखाडी रंग तयार करतात. पान दिसायला काळं-पांढरं, पण उतरते ती रंगीत कार्ट्रिजची पातळी. कागदाचा प्रकारही यात हात मारतो. बऱ्याच मॉडेलमध्ये साध्या कागदासाठी वेगळी, दाट काळी शाई असते. मागच्या वेळी फोटो काढताना कागद ‘ग्लॉसी’ किंवा ‘मॅट’ केला आणि तसाच राहिला, तर ती काळी शाई बाजूला राहते आणि काळा रंग रंगीत शायांमधून बनतो. म्हणून ‘पेपर टाइप’ नेहमी ‘प्लेन पेपर’वर ठेवा. ही एक सेटिंग ड्राफ्टइतकीच महत्त्वाची आहे आणि कोणी तिच्याकडे बघत नाही.

त्याच खिडकीत असताना दोन गोष्टी आणखी उरका. कागद ‘लेटर’ असेल तर ‘ए4’ करा. लेटर हा अमेरिकी आकार, 216 बाय 279 मिलिमीटर; आपला ए4 आहे 210 बाय 297. लेटर राहिला की तळाच्या दोन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जातात. आणि ‘बॉर्डरलेस’ चालू असेल तर बंद करा. कडेपर्यंत छापण्यासाठी प्रिंटर कागदाच्या थोडं बाहेरपर्यंत शाई मारतो, ती आतल्या पॅडमध्ये जाते.

कागदाच्या दोन्ही बाजूंना छापल्याने कागद वाचतो, शाई नाही. शाई वाचते ती एका पानावर दोन पानं बसवल्याने. ए4 वर दोन पानं शेजारी शेजारी घेतली की प्रत्येक पान ए5 एवढं होतं, लांबी-रुंदी साधारण 71 टक्के आणि क्षेत्रफळ निम्मं. शाईही साधारण निम्मी. कॉलेजच्या नोट्स अशाच काढाव्यात. पण ही सेटिंग कायमची करू नका, नाहीतर एखाद्या दिवशी अर्जाचा फॉर्मही अर्ध्या पानात निघेल.

एकाच प्रिंटरला दोन नावं

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली युक्ती ही. विंडोजमध्ये तोच प्रिंटर दोनदा जोडता येतो, दोन वेगळ्या नावांनी आणि दोन वेगळ्या सेटिंगसह. एकाचं नाव ‘कच्ची’, दुसऱ्याचं ‘पक्की’. डिफॉल्ट कच्ची. फोटो किंवा लग्नाची पत्रिका काढायची असेल तर प्रिंटच्या खिडकीत नाव बदलून पक्की निवडायचं. आजीलाही समजतं, ग्रेस्केल म्हणजे काय ते कोणाला समजवावं लागत नाही.

जोडण्यासाठी ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये ‘ॲड डिव्हाइस’ दाबा. थोडा वेळ शोधाशोध झाली की ‘ॲड मॅन्युअली’ असा पर्याय दिसतो. त्यात ‘मॅन्युअल सेटिंग्ज’ने लोकल प्रिंटर जोडायचा पर्याय घ्या, ‘यूज ॲन एक्झिस्टिंग पोर्ट’ ठेवा आणि यादीतून आत्ताचा प्रिंटर ज्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या जागेवर, आहे तेच निवडा. केबलने जोडलेल्या प्रिंटरचं पोर्ट सहसा ‘यूएसबी001’ असतं. खात्री करायची तर जुन्या प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर टिक कुठे आहे ते बघा. पुढे आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर निवडा, ‘सध्या बसवलेला ड्रायव्हर वापरा’ म्हणा, नाव ‘पक्की’ द्या, शेअर करू नका. शेवटी ते टेस्ट पेज छापू का विचारतं. नको म्हणा, त्या पानावरही शाई जाते.

मग ‘पक्की’च्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘स्टँडर्ड’ आणि रंगीत करून ठेवा. मूळ प्रिंटरचं नाव ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘जनरल’ टॅबवर बदलता येतं. विंडोजची मोठी अपडेट आली किंवा ड्रायव्हर नव्याने बसला की दोन्हीकडच्या सेटिंग एकदा तपासा.

मॅकवर हे आणखी सोपं आहे. प्रिंटच्या खिडकीत काळा-पांढरा आणि ड्राफ्ट निवडून ‘प्रीसेट्स’मध्ये ‘सेव्ह करंट सेटिंग्ज ॲज प्रीसेट’ करा आणि तेच नाव द्या, कच्ची.

प्रोग्राम आपलंच खरं करतात

क्रोम शेवटची सेटिंग लक्षात ठेवतो. मुलाने एकदा क्रोममधून रंगीत चित्र काढलं की पुढचं रेल्वेचं तिकीट रंगीत यायची तयारी ठेवा. तिथे ‘कलर’मध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ करा, ‘मोअर सेटिंग्ज’ उघडून ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची टिक काढा. वेबपानांच्या मागचे रंगीत पट्टे त्याने जातात. ‘हेडर्स अँड फूटर्स’ची टिकही काढली तर वरचा लांबलचक पत्ता छापला जात नाही. बातमी किंवा पाककृती छापायची असेल तर फायरफॉक्सच्या प्रिंट खिडकीत ‘सिम्प्लिफाइड’ पर्याय काही पानांवर मिळतो. जाहिराती, बाजूचे रकाने सगळं गळून नुसता मजकूर उरतो.

पीडीएफ शक्यतो ॲडोबीच्या रीडरमधून छापा. त्याच्या प्रिंट खिडकीत वरच ‘प्रिंट इन ग्रेस्केल’ आणि ‘सेव्ह इंक/टोनर’ असे दोन चौकोन आहेत. पानांच्या रकान्यात फक्त हवी ती पानं लिहा. बँकेच्या स्टेटमेंटची शेवटची पानं नुसत्या नियम-अटींची असतात. ती छापून कोणी वाचलेली मी अजून पाहिलेली नाहीत.

एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशोब ठेवणाऱ्यांनी ‘पेज लेआउट’मधून ‘पेज सेटअप’ची खिडकी उघडून ‘शीट’ टॅबवर जावं. ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर टिक केली की रकान्यांमागचे पिवळे-हिरवे रंग छापले जात नाहीत, आकडे तेवढे येतात. हे ग्रेस्केलपेक्षा चांगलं, कारण ग्रेस्केलमध्ये तोच पिवळा राखाडी होऊन येतो. पॉवरपॉइंटच्या स्लाइड काढायच्या असतील तर ‘हँडआउट्स’मध्ये पानाला सहा घ्या आणि रंगाच्या जागी ‘प्युअर ब्लॅक अँड व्हाइट’ ठेवा. लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांसाठी ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रिंट’ या वाटेने रंग ग्रेस्केल करायची कायमची सोय आहे.

मोबाइल आणि व्हॉट्सॲपची वर्कशीट

मोबाइलवरून दिलेल्या प्रिंटला कॉम्प्युटरची सेटिंग लागू होत नाही. अँड्रॉइडच्या प्रिंट खिडकीत वरचा बाण खाली ओढला की रंग, कागद, दोन बाजू हे सगळं दिसतं. तिथे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ आणि ‘ए4’ करा. आयफोनमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’चं बटण असतं. प्रिंटरवरच्या कॉपीच्या बटणांचंही तेच: रंगीत आणि काळ्या कॉपीची बटणं शेजारी शेजारी असतात आणि आधारकार्डाची झेरॉक्स काढताना हात हमखास रंगीतवर जातो. काळ्या बटणावर एक ठळक स्टिकर लावून टाका.

घरातली सगळ्यात जास्त शाई माझ्या मते शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या फोटोंवर जाते. कोणीतरी वहीच्या पानाचा ट्यूबलाइटखाली फोटो काढून टाकतं. डोळ्याला तो कागद पांढरा वाटतो, पण फोटोत तो राखाडी असतो, एका कोपऱ्यात हाताची सावली. प्रिंटरला पांढरा कागद आणि राखाडी सावली यातला फरक कळत नाही. तो इमाने इतबारे अख्ख्या पानावर राखाडी ठिपके मारतो. ड्राफ्ट केलं तरी हे पान साध्या मजकुराच्या कितीतरी पानांची शाई खातं.

असा फोटो थेट छापू नका. शक्य असेल तर पाठवणाऱ्यालाच गुगल ड्राइव्हच्या ॲपमधून स्कॅन करून पाठवायला सांगा. आयफोनवाल्यांना ‘नोट्स’मध्ये कागद स्कॅन करता येतो. दोन्हीकडे स्कॅनला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर लावता येतो; सावली पुसली जाते, कागद खरोखर पांढरा होतो, अक्षर काळं उरतं. फोटो हातात आलेलाच असेल तर फोनच्या एडिटमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवून कागद पांढरा करून घ्या.

ई-बालभारतीवरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, आणि एखाद्या हरवलेल्या पानासाठी त्या फार कामाच्या आहेत. पण ज्या पानांवर मागे रंगाचा हलका पट्टा किंवा अख्खं चित्र आहे ती ग्रेस्केलमध्ये राखाडी येतात. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये दाटपणा कमी करायची सोय बघा. कॅननमध्ये ‘मेन’ टॅबवर ‘कलर/इंटेन्सिटी’ मॅन्युअल केलं की ‘इंटेन्सिटी’ची पट्टी मिळते, ती थोडी डावीकडे सरकवा. एखाद्या पानावर पाहून ठरवा, एकदम टोकाला नेऊ नका.

फाँटचं किती खरं मानायचं

2010 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठाने ईमेलचा फाँट एरियलवरून सेंच्युरी गॉथिक केला आणि शाई सुमारे 30 टक्के कमी लागते म्हणून सांगितलं. 2014 मध्ये अमेरिकेतल्याच एका शाळकरी मुलाने गॅरामाँड फाँटने किती शाई वाचेल याचा हिशोब मांडला. त्यावर फाँटच्या जाणकारांनी लगेच दाखवून दिलं, की गॅरामाँड त्याच पॉइंटला मुळात लहानच दिसतो. दुसरा फाँट तेवढा लहान केला तर त्याचीही शाई वाचेल.

देवनागरीत हेच लक्षात ठेवायचं. विंडोजचा मंगल फाँट 12 पॉइंटला चांगला ऐसपैस दिसतो आणि ओळींमध्ये जागाही जास्त घेतो. कोकिळा त्याच पॉइंटला बराच लहान. नुसता मंगल 12 चा 11 केला तरी फरक पडतो. हलक्या वजनाचा, म्हणजे बारीक रेघेचा, फाँट हवा असेल तर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्त फाँट, ‘मुक्ता’, मोफत मिळतो. त्याची सात वजनं आहेत. मजकुराला ‘लाइट’ वापरा, शीर्षकाला ‘रेग्युलर’. पण ड्राफ्ट, लहान फाँट आणि लाइट वजन हे तिन्ही एकदम करू नका. इंग्रजी अक्षर त्यात निभावतं. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार आणि उकार पुसट होतात आणि नोटिशीतला ‘गुरुवारी’ वाचायला सदस्य चष्मा पुसत बसतात. ड्राफ्टमध्ये देवनागरी 11 च्या खाली नको, वयस्क वाचक असतील तर 13.

खरी शाई फाँटपेक्षा सजावटीत जाते. नोटिशीच्या वर काळा पट्टा आणि त्यात पांढरी अक्षरं, ही आपल्याकडची फार आवडती पद्धत. तो एक पट्टा काढून नुसती जाड रेघ मारा.

क्लीनिंग, भिंतीवरचं बटण आणि पावसाळा

आपल्या घरांत काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त आहे. पंख्याला, टीव्हीला ती ठीक. इंकजेटला आधी त्याच्या अंगावरचं बटण दाबून बंद करायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच भिंतीवरचं बटण. मधल्या त्या क्षणांत हेड आपल्या जागेवर जाऊन रबरी टोपीखाली बसतं. थेट वीज तोडली तर ते उघडंच राहतं, सुकतं, आणि पुढच्या वेळी प्रिंटर चालू होताच जास्त वेळ साफसफाई करतो. म्हणून दिवसातून चार वेळा चालू-बंद करू नका. दिवसभराच्या प्रिंट जमवून एकदम काढा. रोजची कामं नसतील तर आठवड्या-दोन आठवड्यांनी एक पान काढा, त्यात चारही रंगांचा थोडा मजकूर असू द्या. कायम काळंच छापत राहिलात तरी रंगीत शाई साफसफाईत जातच असते आणि रंगीत हेड सुकतं ते वेगळंच.

प्रिंटमध्ये पांढऱ्या रेघा आल्या की थेट ‘हेड क्लीनिंग’ दाबू नका. आधी ‘नोझल चेक’ काढा, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा नमुना. त्याला शाई अगदी कमी लागते. नमुन्यात तुटक रेघा असतील तरच क्लीनिंग. दोन-तीन वेळा करूनही फरक नसेल तर थांबा, प्रिंटर बंद करून काही तास तसाच ठेवा आणि परत नोझल चेक करा. ‘डीप’ किंवा ‘पॉवर’ क्लीनिंग टँकमधली शाई घळाघळा ओढतं, ते अगदी शेवटी. एचपी 805 किंवा कॅनन 745 सारख्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. तिथे कोमट पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर हेडची बाजू हलकेच टेकवून बघता येतं.

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कागद ओला करते. दमट कागदावर शाई पसरते, कडा वळतात, दोन पानं एकदम आत जातात आणि ती प्रिंट परत काढावी लागते. ट्रेमध्ये दहा-वीस पानंच ठेवा, उरलेली रीम तिच्या वेष्टनात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात. खिडकीशेजारी नको.

शाई संपत आल्याची सूचना आणि नवी शाई

कार्ट्रिजवाले प्रिंटर ‘शाई संपत आली’ असं बरंच आधी ओरडायला लागतात. अक्षर फिकं पडत नाही तोवर ‘कंटिन्यू’ म्हणत राहा. बऱ्याच कॅनन कार्ट्रिज प्रिंटरमध्ये ‘स्टॉप’ बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून ठेवलं की पातळीची तपासणी बंद होऊन छपाई पुढे चालू राहते. टँकवाल्यांनी मात्र हे धाडस करू नये. टाकीवरच्या खालच्या रेघेखाली शाई गेली तर नळ्यांत हवा शिरते, आणि ती काढण्यात वाचवलेली शाई दामदुपटीने जाते.

नवी शाई घ्यायला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर प्रिंटरचा मॉडेल नंबर आणि बाटलीचा क्रमांक दोन्ही लिहून न्या. एप्सनच्या 003 आणि 664 या बाटल्या वेगवेगळ्या मॉडेलच्या. सील तपासा, बिल घ्या, आणि “तीच आहे, फक्त पॅकिंग वेगळं” असं कोणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा.

काही गोष्टी घरी छापूच नयेत. पानभर रंगीत प्रोजेक्ट, पासपोर्ट साइझ फोटो, वीस-पंचवीस पानांचा रिपोर्ट. यांना कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्त पडतो, कारण त्याच्याकडे मोठं लेझर मशीन असतं. पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या. आधारची प्रिंट काढायची असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारा ‘मास्क्ड’ आधार उतरवून न्या, जिथे तो चालतो तिथे. आणि दुकानातून निघण्याआधी त्यांच्या कॉम्प्युटरवर कॉपी केलेली फाइल डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सॲप वेबवर लॉगिन केलं असेल तर तेही बंद करा.